मिठाच्या बादलीवरचा ब्रश

बाई गं, तुझ्यावर लिहायला बसले आहे. नको म्हणालीस, ते ऐकलं आणि सोडून दिलं. "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं? जन्मभर मीठ ढवळलं," असं तू म्हणतेस. ढवळलंस, कबूल. पण एका माशापायी आणि एका ब्रशापायी तू मनात जी ढवळाढवळ चालवली आहेस ती ऐकून माझे कान किटले. तेव्हा सगळं एकदा पहिल्यापासून नीट मांडून टाकते. तुला 'तू' म्हणत सांगायला लागले तर वाक्यागणिक "तसं नव्हतं गं" करत मध्ये तोंड घालशील. म्हणून तुला समोरच्या खुर्चीत बसवते आणि 'ती' म्हणून सांगते. ऐक. आणि रडू नकोस, मला ते सहन होत नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासरी कमावणारा एकटा नवरा आणि खाणारी तोंडं घरभर. मत्स्यालयात बाई हवी आहे असं कानावर आलं, गेली आणि लागली. काम काय, तर पाणी खारट करायचं. मासे समुद्रातले आणि समुद्र शहरापासून लांब, त्यामुळे तो मागच्या खोलीत बनवावा लागे. मोठमोठी पिंपं, मिठाची पोती आणि वल्ह्याएवढी लाकडी पळी. पोतं फोडायचं, बादलीने मीठ मोजून टाकायचं, ढवळायचं, काचेची तरती नळी सोडून खारटपणा बघायचा आणि परत ढवळायचं. वर्ष फिरलं तोवर हातांना भेगा पडल्या आणि नाव पडलं मीठबाई.

पुढे साहेबांनी, म्हणजे मत्स्यालयाच्या मुख्यांनी, माशांचं खाणंपिणंही तिच्याकडे सोपवलं, कारण तिला नजर होती. मासा जरा तिरका पोहला, कल्ले जरा जोरात हलले की ही लांबूनच सांगायची, "कोपऱ्यातल्या काचेतला आज बरा नाही." आणि ते खरं निघायचं. चार वेळा असं खरं निघालं की माणसाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपली नजर चुकतच नाही, असं तिला वाटायला लागलं.

तिला एक धाकटा दीर होता. भाऊजी हसरे, कामाला वाघ, पण एका जागी टिकतील तर शपथ. कधी मालकाशी वाजलं, कधी मुकादमाशी. शेवटी हिनेच साहेबांकडे शब्द टाकला आणि त्यांना मत्स्यालयातल्या पंपांवर लावून घेतलं. तिथे मात्र त्यांचं जमलं. "पंप उलट बोलत नाहीत ना," असं सासूबाई म्हणायच्या.

दीर-भावजयींची दिवसभर खेचाखेची चाले. भाऊजी पंपांच्या खोलीतून ओरडायचे, "वहिनी, घरची भाजी अळणी आणि इथलं पाणी खारट! मीठ नक्की कुठे टाकायचं ते एकदा ठरवा."

"तुमच्या तोंडात टाकते, म्हणजे ते बंद तरी राहील!"

मग ती जोडी आली. काळपाठे फुलपाखरू मासे.

मासा तळहाताएवढा, उभ्या धरलेल्या ताटलीसारखा चपटा. पांढऱ्या अंगावर टोकदार पेन्सिलीने ओढाव्यात तशा तिरप्या काळ्या रेघा. पाठीवर काळपट झाक, म्हणून ते नाव. भोवतीचे पर सगळे पिवळेधमक, लिंबाच्या सालीचे असावेत तसे. शेपटीच्या देठाशी एक काळा डाग. तोंड चिमट्यासारखं पुढे आलेलं, आणि डोळ्यावरूनच एक काळी पट्टी गेलेली, त्यामुळे डोळा नेमका कुठे आहे ते पटकन सापडत नाही. हा राहतो उबदार समुद्रात, प्रवाळाच्या आडोशाला. लाटा बाहेरच मोडून आत पाणी शांत झालेलं असतं अशा उथळ जागी, जिथे प्रवाळाच्या फांद्या दाट असतात. हिंडतो बहुधा जोडीने. खातो काय, तर त्या प्रवाळावरचेच फुलांसारखे बारीक जीव, चिमट्याने खुडावेत तसे खुडून. दुखणं तेच. टाकीत आणला की यातले बरेच उपाशी मरतात, कारण बाकी कशाला ते अन्नच समजत नाहीत.

साहेब म्हणाले, "जगतील तितके दिवस जगतील."

मीठबाईला ते वाक्य झोंबलं. तिने शिंपल्यांचा गर खलबत्त्यात वाटला, मेलेल्या प्रवाळाच्या एका फांदीच्या भोकाभोकांत बोटाने दाबून भरला आणि ती फांदी टाकीत सोडली. मासे आले, त्यांनी पाहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही रोज नवा गर वाटायची, रोज बोटं कापून घ्यायची, आणि रोज ती फांदी संध्याकाळी तशीच बाहेर निघायची. मासे वाळत चालले. घरी हिचंही जेवणात लक्ष लागेना. आणि एके दिवशी त्यातल्या धीट माशाने पुढे होऊन एका भोकात तोंड घातलं, ओढलं आणि गिळलं.

ही धावत पंपांच्या खोलीत. "भाऊजी, खाल्लं!"

"कुणी? माझा डबा?"

"अहो, त्यांनी खाल्लं!"

भाऊजी ओले हात झटकत आले, काचेला नाक लावून पाहत राहिले. "ही जी पुढे पुढे करतेय ना, ती वहिनी," ते म्हणाले. "आणि मागून मान खाली घालून निमूट येतोय तो आमचा दादा." त्या दिवसापासून मत्स्यालयभर त्यांची तीच नावं झाली. नर कोण आणि मादी कोण ते देव जाणे, दोघं दिसायला सारखेच.

आता दिव्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. सकाळचे दिवे लावायचे भाऊजींनी. आधी लोक फिरतात त्या गल्लीतला, मग टाक्यांमागच्या अरुंद वाटेवरचे मंद दिवे, आणि सावकाश टाक्यांवरचे. एकदम उजेड पडला तर मासे बिथरून काचेवर आपटतात. मीठबाई कामावर येईपर्यंत सगळ्या काचा उजळलेल्या असत आणि संध्याकाळी दिवे मालवायच्या आत ती घरी गेलेली असे. म्हणजे इतकी वर्षं माशांत काढून, अंधारातून नुकताच उजेडात आलेला मासा तिने कधी पाहिलाच नव्हता. भाऊजींना दिसला असता, पण बटणं मागच्या बाजूला आणि त्यांना माशांत रस तितपतच. "मला त्यांचं एवढंच माहीत," ते म्हणायचे, "की पंप थांबला तर ते मरतात आणि मग वहिनी मला मारतात."

मत्स्यालय बघायला वरचे लोक यायचे होते. साहेबांनी फर्मान सोडलं, काचांपुढचा लोखंडी कठडा काळ्या तेलरंगाने रंगवून काढा. ते काम भाऊजींच्या गळ्यात पडलं. आदल्या संध्याकाळपर्यंत अर्धा कठडा झाला. उरलेला पाहुण्यांच्या आधी संपवायचा म्हणून ते सकाळी लवकर येऊन रंगवत बसले, दाराच्या उजेडाच्या बाजूने, आणि दिवे राहून गेले.

पाहुण्यांसाठीच मीठबाईही लवकर आली. बघते तर आत अंधार. डोकं फिरलं. "दिवे काय साहेब येऊन लावणार?" असं कुणाला तरी ऐकवत ती मागे गेली आणि एका दमात सगळी बटणं दाबली.

पुढे येऊन पाहिलं तर काचेच्या अगदी तोंडाशी 'वहिनी' होती आणि ती काळी होती. पाठीपासून अर्ध्याहून अधिक अंग काळंकुट्ट, आणि त्या काळ्यात दोन पांढरे डाग, कुणी बोटाने पुसून काढल्यासारखे. 'दादा'चा पत्ता नव्हता, तो प्रवाळामागे असणार. मीठबाई उलट्या पावली मागे धावली, आणि तिथे तिच्या मिठाच्या बादलीवर तो ब्रश आडवा ठेवलेला, काळ्या रंगात बुडालेला.

"भाऊजी! हे काय आहे?"

"ब्रश आहे."

"माझ्या बादलीवर?"

"रंगाचा दुसरा डबा काढायला आलो होतो. रिकामी आहे बादली. फरशीवर ठेवला असता तर फरशी घाण केली म्हणून तुम्हीच ओरडला असतात."

"पाण्यात रंग गेलाय! मासा काळा पडलाय तो!"

"वहिनी, मी कठडा रंगवलाय. माशाला कशाला रंगवू?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिकीटवाली, झाडूवाला, साहेब, सगळे आवाजाने गोळा झाले होते. माणसं जमली की आपला आवाज आपल्या ताब्यात राहत नाही. ती म्हणाली, "हात दाखवा."

भाऊजी ब्रश उचलायला वाकले.

"दाखवा म्हणते ना, हात दाखवा सगळ्यांना."

त्यांनी हात पुढे केले. काळे होते. सकाळपासून काळा रंग लावणाऱ्या माणसाचे हात दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार? पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही, निदान कुणी बोललं नाही. भाऊजींनी हात विजारीला पुसले आणि म्हणाले, "बरं, बाई."

वहिनी नाही म्हणाले. बाई म्हणाले.

साहेबांना पाहुण्यांपुढे लाज राखायची होती. भाऊजींची उचलबांगडी झाली, गावाच्या टोकाला सांडपाण्याच्या पंपांवर. ब्रश पुराव्यादाखल मीठबाईने आपल्या कपाटात ठेवला. कठडा अर्धा काळा, अर्धा गंजका, तसाच राहिला.

इकडे 'वहिनी' प्रवाळाच्या अंधाऱ्या कपारीत दडली होती, तशीच काळी; तिला तिने जाळीने उचलून दवाखान्यात नेलं. दवाखाना म्हणजे मागच्या खोलीतली उघडीबोडकी काचेची टाकी, आजारी माशांसाठी. त्यात तिने तांब्याचं निळं औषध थेंबाथेंबाने सोडलं. मासा भेदरला होता, त्याला शांत वाटावं म्हणून टाकीवर जाड फडकं घातलं. दुपारी फडकं उचलून पाहिलं. काळाच. आणखी औषध. संध्याकाळी उचललं. काळाच, दोन पांढऱ्या डागांसकट. दुसऱ्या दिवशीही तेच. बाहेर दिव्याखाली 'दादा' मात्र पांढरा-पिवळा स्वच्छ हिंडत होता. तिला वाटलं, निदान एक तरी वाचला. ती फडकं दाबून बसवायची, औषध वाढवायची, गराने भरलेली फांदी आत सोडायची. मासा कोपऱ्यात काचेला चिकटून राहिला. फांदीला त्याने तोंड लावलं नाही. मग एका सकाळी तो आडवा झालेला सापडला.

तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या भावाने मारला."

नवरा म्हणाला, "मासाच ना गं?"

ती त्याच्याशीही बोलेनाशी झाली.

भाऊजींच्या जागी दुसरा माणूस मिळेना. दिव्यांचं काम हिच्याच गळ्यात आलं. तिने ते नियमाप्रमाणे करायचं ठरवलं, आधी गल्लीतला दिवा, मग मागचे मंद. आणि टाक्यांवरचे लावण्याआधी, 'दादा' कसा आहे ते बघावं म्हणून ती पुढे आली.

'दादा' काळा होता. तोच काळा. तेच दोन पांढरे डाग.

"अगं बाई, यालाही लागलं!" म्हणत ती धावली, टाक्यांवरचे दिवे दाबले, जाळी शोधली, बादली भरली, औषधाची बाटली काढली. धापा टाकत परत काचेपुढे आली तर मासा पांढरा. पिवळी किनार, बारीक रेघा, सगळं जिथल्या तिथे. आरामात फांदीतला गर खुडत होता.

ती जाळी हातात धरून उभी राहिली. मग मागे गेली, सगळे दिवे मालवले आणि मिठाच्या पोत्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने मंद दिवा लावून पाहिलं. काळा. टाक्यांवरचे लावले आणि काचेपाशीच थांबली. तिच्या डोळ्यांदेखत काळं विरत गेलं, काचेवरची वाफ विरावी तसं, आणि मासा परत दिवसाच्या रंगात आला.

तो त्याचा रात्रीचा रंग होता. रोजचा. आजार नव्हता, कुणाचा तेलरंग नव्हता. आणि फडकं कुणी घातलं होतं? तिने. फडक्याखाली त्याच्यासाठी सदाची रात्र केली, तो रात्रीच्या रंगात राहिला, आणि त्या रंगाला औषध पाजून पाजून तिनेच त्याला मारलं.

ती तशीच साहेबांकडे गेली. सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "बरं मग? कागद वर गेलेत. आता मासा काळा होता की पांढरा, कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"मग स्वतःलाच उत्तर द्या. मला पुन्हा त्यात ओढू नका."

राहिले भाऊजी. नवऱ्याला ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्यांना. भाऊच आहे तुमचा."

"ओरडलीस तू आणि सांगू मी? चारचौघांत हात दाखवायला लावलेस त्याला. जा, हात जोडून ये." त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

तिने कपाटातला ब्रश काढला. रंग वाळून त्याचे केस लाकडासारखे झाले होते. कापडी पिशवीत घातला आणि रविवारी भाऊजींच्या नव्या बिऱ्हाडी निघाली. मनात वाक्य तयार होतं: भाऊजी, ब्रश घ्या, चूक माझी होती. दार धाकट्या जाऊने उघडलं.

"या बाई, बसा. वास येतो हं इकडे," जाऊ म्हणाली. "ह्यांच्या कपड्यांना. सांडपाण्याचा जात नाही कितीही धुतलं तरी. तुम्हाला कुठली सवय?"

तीसुद्धा नेहमीसारखं ताई म्हणाली नाही. मीठबाई दोन घोट पाणी प्यायली, मुलांच्या शाळेचं विचारलं आणि पिशवी घेऊन परत आली.

त्यानंतर ती पिशवी किती वेळा तिकडे गेली आणि परत आली, विचारायलाच नको. कधी भाऊजींकडे कुणी बसलेलं असे, कधी ते जेवत असत, कधी हिचाच धीर दाराशी गळून पडे. कुटुंबातल्या लग्नकार्यात भेट व्हायची. "काय बाई, बरं आहे ना?" एवढंच. चेष्टा नाही, खेचाखेची नाही. घरची भाजी अळणी झाली तरी आता कुणी काही म्हणत नव्हतं, आणि भाजी हल्ली बरेचदा अळणी होत होती.

'दादा' बरीच वर्षं जगला, एकटाच. त्याच्यासाठी जोडीदार आणायचं साहेबांच्या मनात होतं. ही म्हणाली, नको. रोज सकाळी टाक्यांवरचे दिवे लावण्याआधी ती काचेपुढे जाऊन त्याला काळा बघायची. सगळं काळं विरेपर्यंत बघायची आणि मग कामाला लागायची. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणायची, "तब्येत बघते." मासा ठणठणीत होता. तब्येत कुणाची बघत होती, ते तिचं तिला माहीत.

ती आणि भाऊजी दोघं निवृत्त झाली, केस पांढरे झाले, मुलं आपापल्या वाटेला लागली. भाऊजींना छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळवलं. मीठबाई भेटायला गेली, पिशवी घेऊनच. जाऊ औषध आणायला बाहेर गेली होती. खोलीत दोघंच.

भाऊजी उशीवर टेकून बसले होते. तिला बघून त्यांनी डोळे बारीक केले. "कोण, वहिनी?"

किती वर्षांनी ते वहिनी म्हणाले होते. ती पिशवी धरून दाराशीच उभी राहिली.

"बसा की. उभ्याच राहता की काय?" ते दमत दमत बोलत होते. "काय हो, त्या कठड्याचं काय झालं? उरलेला रंगवला का कुणी?"

"नाही. तसाच आहे."

"अर्धाच?"

"अर्धाच."

भाऊजी हसले, हसता हसता खोकले. "वा! म्हणजे माझ्यावाचून अडलंच. बरा होऊ दे मला, रंगवून देतो. ब्रश मात्र तुमच्याकडे आहे हं, तेवढा आणा."

ब्रश मांडीवरच होता. पिशवीच्या कापडातून त्याचा दांडा तिच्या बोटांना लागत होता. आता काढायचा, त्यांच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, भाऊजी, चूक माझी होती. माणसाने स्वतः होऊन दार उघडलं होतं. पण ते हसत होते, वहिनी म्हणत होते. तिला वाटलं, आत्ता जुनं काढलं तर हे हसू जाईल. थोडं राहू दे. आजच्या दिवस राहू दे.

ती म्हणाली, "आणते पुढच्या वेळी."

"नक्की?"

"नक्की."

पुढची वेळ आलीच नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

तर बाई, झालं सांगून. यात मी तुला सोडलं नाही आणि जास्तीचं काही लादलंही नाही. परवा तुझ्याकडे आले तेव्हा पिशवी दाराआडच्या खिळ्याला होती, आणि भाजीला जायला तू दुसरी काढलीस, ते पाहिलं मी. म्हटलं, त्यांच्या बायकोला नेऊन दे, आणि त्यांना सांगायचं राहिलं ते तिला सांग. तिलाही माहीत असायला हवं की तिच्या नवऱ्याचे हात कठड्याने काळे झाले होते. तू म्हणालीस, "तुझं त्या बाजूला जाणं-येणं असतं. तूच ने की." मी पिशवी खिळ्यावरून काढलीसुद्धा. मग परत अडकवली. नुसता ब्रश पोचवायला माझी काय गरज, टपालानेही जाईल तो. मी म्हटलं, आपण दोघी मिळून जाऊ. तू बरं म्हणालीस. कधी, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.